सात पिढ्यांची सावर

लाकडाच्या बाबतीत ढवळूला फसवील असा माणूस साखरशेत गावात काय, अख्ख्या जव्हार संस्थानात नव्हता! असं तो स्वतःच सांगायचा. बोटाच्या पेराने टकटक केलं की लाकडात कीड आहे की कस, हे तो डोळे मिटून ओळखायचा.

त्याच्या स्वतःच्या घराचा मधला खांब मात्र कुणी टकटकवू नये, अशी त्याची फार इच्छा होती. तो खांब सागाचा होता, आणि साग म्हणजे दरबारचा! ढवळूच्या बापाने परवान्याशिवाय तो उभा केला आणि वर शेणामातीचा जाड गिलावा चढवला. सगळं छप्पर त्या एका खांबावर उभं होतं.

आणि एके दिवशी नेमके त्याच खांबाला पाठ टेकून दरबारचे टिपणीस कारकून बसले!

"ढवळू," ते म्हणाले, "तळ्यावरच्या दरबारी होडीचा तळ आणि बाक आतून कुजलेत. उन्हाळ्याच्या शेवटी मुंबईचे साहेब यायचेत. पाण्यात न कुजणारं लाकूड कोणतं, सांग. पुस्तकापेक्षा रानातल्या माणसाला जास्त कळतं, असं माझं मत आहे."

टिपणीसांना आपल्या या मताचं फार कौतुक होतं. ढवळू मात्र पेचात पडला. साग म्हणावं, तर पुढचा प्रश्न ठरलेला. तुला रे कसं ठाऊक? ऐनाचं लाकूड म्हणावं, तरी तेच. चांगल्या लाकडाचं नाव घेणं म्हणजे गुन्हा कबूल करणं!

"सावर, रावसाहेब," तो म्हणाला.

"सावर? तिच्या तर काडेपेटीच्या काड्या करतात!"

"ती तुमच्याकडची. आमची सावर सात पिढ्या हालत नाय!"

टिपणीस पक्के. त्यांनी शेजारच्या माघ्याला विचारलं. माघ्याच्याही आढ्याला साग होता. "सावरच!" माघ्या म्हणाला. पुढच्या घरी सावर, त्याच्या पुढच्या घरीही सावर. एवढा एकोपा गावात कुणाच्या लग्नातसुद्धा दिसला नव्हता! टिपणीसांनी सगळं कागदावर लिहिलं, खाली ढवळूचा अंगठा उठवला आणि होडीचं काम त्याच्याच गळ्यात घातलं.

"पोशे, मेलो गं," तो बायकोला म्हणाला. "होडी बुडली त मला पण बुडवतील."

"मंग खरं सांग जा!"

"आन खांब?"

पोशीने शेणाचा गोळा घेतला आणि खांबावरची भेग लिंपली.

ढवळूने सावरीच्या फळ्यांना बिब्ब्याचं तेल पाजलं. एक हात, दोन हात, चार हात! फळ्या काळ्याभोर चमकू लागल्या, अगदी सागाच्या आजोबासारख्या. टिपणीस खूश! तेल सुकायचीही वाट न बघता ते पातळ धोतरानिशी बाकावर बसले आणि तळ्याला दोन फेऱ्या मारून आले.

तिसऱ्या दिवशी ते साखरशेतात आले, ते पायी, आणि पाय फाकवून! बिब्बा असा उतला होता की घोड्यावर बसायची सोय उरली नव्हती.

"बसा, रावसाहेब," पोशी घाबरून म्हणाली.

तेवढं एक म्हणायला नको होतं! टिपणीसांनी संतापाने काठी खांबावर हाणली.

ठण्ण!

सावर असा आवाज देत नाही. हे ओळखायला ढवळूला डोळे मिटावे लागले नाहीत. गिलाव्याचा पोपडा पडला आणि आतला तांबूस, निरोगी साग दिसला. टिपणीस कण्हायचे थांबले.

त्याच दिवशी माघ्याने आपल्या आढ्याला शेणाचा आणखी एक थर दिला.

जप्त झालेला खांब ढवळूने स्वतःच्या खांद्यावरून जव्हारला नेला, स्वतःच चिरला, स्वतःच होडीत बसवला. कामात खोट काढायला जागा नव्हती, आणि तेच त्याला जास्त सलत होतं. त्या खांबाला टेकून त्याच्या बापाने शेवटची पेज प्यायली होती. आता त्यावर साहेब टेकणार होते.

टिपणीस अगदीच निर्दय नव्हते. छपराला टेकू म्हणून त्यांनी सावरीचा उरलेला ओंडका फुकट दिला.

"रावसाहेब, पाऊस तोंडावर आलाय," ढवळू हात जोडून म्हणाला. "ही टिकायची नाय हो!"

"असं कसं?" टिपणीसांनी कागद त्याच्यापुढे धरला. "सात पिढ्या हालत नाही, असं लिहिलंय. खाली अंगठा कुणाचा आहे?"