अकरा नंबरची खोली

नाट्यवर्गात तिला सगळे ‘तोफ’ म्हणत, कारण ती कधी उडतच नसे. पाठ केलेली वाक्यं फाडफाड म्हणे. पण ऐनवेळी स्वतःच्या मनानं बोल म्हटलं, की हिची दातखीळ बसलीच! सरांनी निक्षून सांगितलं होतं, “आज शेवटची संधी. जमलं नाही, तर वर्ग सोडायचा आणि कपडेपटात इस्त्री धरायची.”

परीक्षेची पद्धत सरांची खास होती. दार उघडायचं. आत जो असेल तो पहिलं वाक्य बोलेल, त्यावरून आपण कोण ते ओळखायचं. समोरचा म्हणेल ते नाकारायचं नाही. हो म्हणून वर आपली भर घालायची. बस्स.

घाबरलेल्या माणसाला आकडे कुठले दिसायला? बाराऐवजी तिनं अकरा नंबरचं दार ढकललं. ती होती प्राचार्यांची खोली. टेबलामागे प्राचार्य, आणि समोर शेजारच्या इमारतीतले निवृत्त पोस्टमास्तर, वर्ग बंद करा म्हणून तक्रार घेऊन आलेले.

“आली बघा!” ते कडाडले. “रोज संध्याकाळी हिचा आरडाओरडा! माझा डोळा लागत नाही!”

म्हातारा, आरडाओरडा, झोप... म्हणजे आपण सून! तोफेनं पदर नसतानाही खोचला.

“दुपारी दोन-दोन तास घोरल्यावर संध्याकाळी कसा लागेल डोळा, मामंजी?”

पोस्टमास्तर गारच पडले. “हे... हे हिला कोणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? आणि रक्तदाबाच्या गोळ्या कुंडीत टाकता, तेही ठाऊक आहे मला.”

“टाकता?” प्राचार्यांनी विचारलं.

“एखादीच हो!” पोस्टमास्तर चाचरले.

तोफेला आता चेव चढला होता. “आरडाओरडा होतो म्हणून निदान खिडकीशी येऊन रागावता तरी! एरवी दिवसभर बोलता कोणाशी तुम्ही?”

पोस्टमास्तरांनी चष्मा काढून उगीचच पुसला. तिलाही वाईट वाटलं, जरा जास्तच बोललो आपण.

तेवढ्यात सर दारात उभे. “इथे काय करतेस? परीक्षा बारा नंबरात होती! वेळ संपली. नापास!”

तोफेच्या पायाखालची जमीनच सरकली. म्हणजे प्राचार्य परीक्षेसाठी बसले नव्हते? आणि हे आजोबाही खरेच? तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“कोण म्हणतो माझ्या सुनेला नापास?” पोस्टमास्तर खुर्चीतून ताडकन उठले. “अहो सर, कालच नाही का आमच्या घरी येऊन म्हणालात, यंदा पहिला नंबर हिचाच?”

सरांनी नाही म्हणायला तोंड उघडलं. मागे दारात सगळा वर्ग गोळा झाला होता आणि श्वास रोखून सरांकडेच बघत होता. सरांनी तोंड मिटलं. कपाळावरचा घाम पुसला.

“हो,” ते म्हणाले, “म्हणालो होतो खरा. आणि हिच्या हातचा चहासुद्धा घेतला. दोन कप.”