ब्रिग्जबाईंना पाडतं कोण?

"तीन दिवस दे मला, फक्त तीन दिवस! शनिवारी सकाळच्या चहाच्या आत सांगतो, बाई मत देण्यासारखी आहे की नाही!"

राजाभाऊंनी टेबलावर हात असा आपटला, की चमच्यातला मध टेबलक्लॉथवर सांडला. वासंतीबाईंनी तो मुकाट्यानं पुसला. नवऱ्यानं मुदत जाहीर केली, की घरात काहीतरी सांडतं, हा त्यांचा बेचाळीस वर्षांचा अनुभव होता.

राजाभाऊंचा आनंद मात्र समजण्यासारखा होता. मिरजेत अडतीस वर्षं त्यांनी कर सल्लागार म्हणून काढली होती. जुलै आला की त्यांच्या जिन्यात चपलांचा ढीग पडायचा. पण हॅम्बर्गला मुलाकडे, मयुरेशकडे येऊन पाच आठवडे झाले, तरी त्यांना कुणी काही म्हणजे काहीच विचारलं नव्हतं! लोक फक्त सांगायचे. "बाबा, ही बाटली पिवळ्या डब्यात नाही." "बाबा, रविवारी ड्रिल लावायचं नसतं." "बाबा, सिग्नल लाल आहे." रस्त्यावर चिटपाखरू नसतानाही सिग्नल लाल असतो, हे त्यांना अजून पचलं नव्हतं.

आणि आज सुनेनं, विभावरीनं, आपणहून विचारलं होतं!

गोष्ट अशी होती. विभावरीचे वडील पीएचडीसाठी ओहायोत असताना ती तिकडे जन्मली आणि दोन वर्षांची असताना पुण्याला परतली. अमेरिकेकडून तिला मिळाला एक पासपोर्ट. त्या पासपोर्टमुळे तिला भारतात मत देता येईना आणि जर्मनीतही देता येईना. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षापर्यंत तिनं एकदाच मतदान केलं होतं, तेही इमारतीच्या जिन्याला कुठला रंग द्यावा यावर. तिचा रंग हरला होता!

आता मात्र अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक येऊ घातली होती. पक्षानं उमेदवार कोण उभा करायचा, यासाठी आधी पक्षाच्याच लोकांचं मतदान असतं आणि परदेशात राहणाऱ्या अमेरिकनांनाही त्यात मत असतं. हॅम्बर्गला शनिवारी आल्टोना भागातल्या एका हॉलमध्ये ते व्हायचं होतं. उमेदवार दोन. एक व्हिटकॉम नावाचा गृहस्थ आणि दुसऱ्या कॉर्नेलिया ब्रिग्ज.

"मला ब्रिग्ज आवडते बाबा," विभावरी म्हणाली होती. "पण सगळे म्हणतात, तिचा टॅक्स प्लॅन कागदावरच छान आहे आणि ती काही निवडून येणार नाही. आयुष्यातलं पहिलं मत आहे माझं, वाया नको जायला. तुम्ही जरा बघाल?"

बघाल? राजाभाऊंनी त्याच दुपारी लायब्ररीत जाऊन सेहेचाळीस पानं छापून आणली आणि बॅगेच्या तळातून लाल-निळी पेन्सिल काढली.

कुठलाही करकायदा तपासायची राजाभाऊंची स्वतःची एक पद्धत होती. मिरजेचे भास्करशेठ सराफ हे त्यांचे सर्वांत जुने अशील. नवा कायदा आला, की राजाभाऊ मनातल्या मनात भास्करशेठला त्यात सोडून द्यायचे आणि शेठ कुठून निसटतात ते बघायचे. शेठ निसटले तर कायदा कच्चा!

"वासंती, बारावं पान! संपत्ती बायकोच्या नावावर केली शेठनं!"

"केली का?" वासंतीबाई भेंडी चिरता चिरता म्हणाल्या. "हौसाबाईंना सांगितलं तरी का त्यांनी?"

"थांब, तेराव्या पानावर बाईंनी ती वाट बंद केली आहे! आता शेठ ट्रस्ट काढतायत... सतरावं पान... अगं, अडकले! भास्करशेठ अडकले!" राजाभाऊ खुर्चीतून उठले. "अडतीस वर्षांत जे आपल्या सरकारला जमलं नाही, ते या बाईनं पाच पानांत केलं! वा, ब्रिग्जबाई!"

प्लॅन पास झाला. राहिला दुसरा प्रश्न, बाई निवडून येणार का? त्यासाठी राजाभाऊंनी दुसरी पद्धत काढली. लग्नासाठी स्थळ सांगून आलं, की आपण काय करतो? मुलाला कधीच विचारत नाही. शेजारी, दुकानदार, वाटेतला पोस्टमन, यांच्याकडे चौकशी करतो. राजाभाऊंनी वहीत रकाने आखले. "स्वतः मत देणार का?" हा एक रकाना आणि "निवडून येईल का?" हा दुसरा. दुभाषी म्हणून त्यांनी नऊ वर्षांच्या नातीला, अन्वीला बरोबर घेतलं. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्येच यायचं.

पहिल्याच दारात, खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ पेटर्सन, म्हणजे पेटर्सनबाई, यांना राजाभाऊंनी ब्रिग्जबाईंचा प्लॅन भास्करशेठसकट चार मिनिटं समजावला. अन्वीनं त्याचं भाषांतर पाच शब्दांत केलं.

"एवढंच? भास्करशेठ सांगितलेस का?"

"आजोबा, त्सू लांग!" अन्वी म्हणाली. फारच लांब होतं म्हणे!

फ्राऊ पेटर्सन यांनी मान डोलावली. त्यांना मत असतं तर त्यांनी नक्की ब्रिग्जबाईंना दिलं असतं. पण निवडून? छे! बाकीचे लोक देणार नाहीत ना!

बेकरीतली बाई म्हणाली, मी देईन, बाकीचे देणार नाहीत. पोस्टमन तेच म्हणाला. मयुरेशच्या ऑफिसमधल्या नागेशनं फोनवर तेच सांगितलं, "काका, शी इज द बेस्ट, पण चान्स नाही." यांच्यापैकी एकालाही अमेरिकेत मत नव्हतं, पण म्हणून काही चौकशी थांबत नाही. शुक्रवारी दुपारपर्यंत चौदा जण झाले आणि राजाभाऊ वहीकडे बघत डोकं खाजवत बसले.

"वासंती, हे बघ काय गंमत आहे. मत देणार का? चौदापैकी चौदा हो! निवडून येईल का? चौदापैकी चौदा नाही! सगळेच जर देणार आहेत, तर ब्रिग्जबाईंना पाडतं कोण?"

"असेल कुणीतरी," वासंतीबाई म्हणाल्या. "पाडणारा वहीत नाव लिहून देतो होय?"

राजाभाऊंना हा प्रश्न फारच आवडला. पाडणारा माणूस एकदा डोळ्यांनी बघावा, अशी त्यांना मनापासून उत्सुकता लागली.

संध्याकाळी सहाला जेवायला बसल्यावर त्यांनी अहवाल वाचायला घेतला. सगळं झकास चाललं होतं. आणि मग आलं एकतिसावं पान.

"परदेशात राहणाऱ्या अमेरिकन नागरिकांना यापुढे अमेरिकेत टॅक्स रिटर्न भरावं लागणार नाही," राजाभाऊंनी वाचलं आणि ते थबकले. "यापुढे? म्हणजे आत्ता भरावं लागतं?" त्यांनी चष्म्यावरून सुनेकडे पाहिलं. "विभावरी, तू भरतेस ना?"

"भरते की! जर्मनीत."

"जर्मनीत नव्हे गं, अमेरिकेत!"

"बाबा, ती तिथे राहतच नाही, तर कशाला भरेल?" मयुरेश म्हणाला.

राजाभाऊंच्या हातातली पेन्सिल वरणात पडली. डॉक्टरच्याच घरात गोवर निघावा, तसं झालं! मिरज तालुक्याला वेळेवर रिटर्न भरायला लावणाऱ्या माणसाच्या सुनेनं आयुष्यात एकही अमेरिकन रिटर्न भरलं नव्हतं!

विभावरीचा चेहरा उतरला. "उद्या तिथे पासपोर्ट दाखवायचा आहे. नाव लिहून घेतात. बाबा, मला धरतील का हो? जाऊच दे. नकोच ते मत."

हे मात्र राजाभाऊंच्या काळजाला लागलं. पोरीचं पहिलं मत, तेही आपल्याच लाल-निळ्या पेन्सिलीपायी जाणार? त्यांनी ताट बाजूला सारलं, मयुरेशचा लॅपटॉप ओढला आणि अमेरिकेच्या करखात्याच्या सूचना उघडल्या. शनिवारी सकाळी चहाच्या आत ते विजयी मुद्रेनं खोलीतून बाहेर आले.

"अगं, सोय आहे! ज्यांचं नकळत राहिलं, त्यांनी मागच्या तीन वर्षांची रिटर्न्स भरायची, बँक खात्यांची माहिती द्यायची आणि नकळत राहिलं असं लिहून द्यायचं. दंड नाही! आणि मतदान घेतो तो पक्ष, त्याचा करखात्याशी संबंध नाही. चल, मी येतो बरोबर!"

हॉलबाहेर रिमझिम पावसात पन्नास-साठ माणसांची रांग होती. विभावरी पासपोर्ट मुठीत आवळून उभी होती आणि तिच्या मागे राजाभाऊ. अंगात काळा कोट, दोरीला बांधलेला चष्मा, काखेत फाइल, कानावर लाल-निळी पेन्सिल. समोर एक दाढीवाला अमेरिकन होता. सुनेला धीर यावा म्हणून राजाभाऊंनी त्याला खणखणीत इंग्रजीत विचारलं, "गुड मॉर्निंग! तुम्ही अमेरिकेतलं रिटर्न भरलंत का?"

"कसलं रिटर्न?" दाढीवाला म्हणाला.

"इन्कम टॅक्स! किती वर्षांचं राहिलंय?" आणि सवयीनं त्यांनी फाइल उघडली, कानावरची पेन्सिल काढली. "नाव?"

दाढीवाला पांढराफटक पडला. त्यानं पुढच्या बाईच्या कानात काहीतरी सांगितलं. बाईनं तिच्या पुढच्याला सांगितलं. बघता बघता रांगेतून एक छत्री निघाली आणि रस्ता ओलांडून गेली, तीही लाल सिग्नलला! मग दुसरी. मग एक अख्खं कुटुंब कुत्र्यासह.

"बाबा, लोक का चाललेत?" विभावरी कुजबुजली.

हॉलमधून बिल्ला लावलेली एक बाई धावत आली. "सर, प्लीज! तुम्ही अमेरिकन करखात्याकडून आला आहात का?"

"मी?" राजाभाऊ उडालेच. "मी मिरजेकडून आलोय!"

पण आता ऐकतंय कोण! वीसेक माणसं पांगली होती, त्यांतली निम्मी ब्रिग्जबाईंचे बिल्ले लावलेली. राजाभाऊंना दरदरून घाम फुटला. बाईंना पाडणारा माणूस बघायची उत्सुकता होती खरी, पण तो असा आरशात नको होता! ते तडक कडेच्या बाकावर चढले.

"परत या! मी अधिकारी नाही! मी सासरा आहे!" ते इंग्रजीत ओरडले. "माझ्या सुनेचंही राहिलंय! घाबरू नका, सोय आहे! दंड नाही!"

'दंड नाही' हे शब्द कुठल्याही देशाच्या माणसाला लांबून ऐकू येतात. छत्र्या वळल्या. सिग्नलला थांबून, हिरवा झाल्यावर परत आल्या. आणि थेट बाकाभोवती जमल्या! तीन वर्षं म्हणजे कुठली? बायको जर्मन असेल तर? बँकेचं काय? राजाभाऊ पेन्सिल नाचवत उत्तरं देऊ लागले. बिल्लेवाल्या बाईनं हात जोडून विनवलं, की मतदानाच्या दारात दोन रांगा नकोत. तेव्हा राजाभाऊ पलीकडच्या बेकरीच्या छपराखाली गेले आणि मत देऊन झालेले लोक तिकडे जाऊ लागले. बेकरीच्या दारात छत्र्यांचा ढीग पडला. राजाभाऊंना जुलै आठवला आणि त्यांचे डोळे भरून आले.

विभावरी हॉलमधून बाहेर आली ती हसत, भिजत. "दिलं बाबा! मत दिलं! ब्रिग्जला!"

घरी येताना फाइलमध्ये अकरा जणांची नावं होती. फी अर्थातच नव्हती, कारण व्हिसात ते बसत नव्हतं. पण तीन-तीन वर्षं अकरा जणांची, म्हणजे मुक्काम संपेपर्यंत बसायची फुरसत नव्हती! आणि त्यातल्या सात जणांनी तर पुढच्या वर्षी कधी येणार, हेही विचारलं होतं.

संध्याकाळी निकाल आला. हॅम्बर्गच्या हॉलमध्ये ब्रिग्जबाई भरघोस मतांनी पुढे होत्या.

"बघितलंत बाबा? निवडून येण्यासारखी आहे ती!" विभावरी म्हणाली. "राष्ट्राध्यक्ष झाली, की पान एकतीस! मग कुणालाच इथून रिटर्न भरायला नको. नाही का?"

राजाभाऊंचा घास हातातच राहिला. त्यांनी एकदा फाइलकडे पाहिलं. मग खाकरले.

"प्लॅन उत्तमच आहे. बाईही गुणी आहे. वादच नाही. पण मी काय म्हणतो... इतकी घाई कशाला? वय लहान आहे बाईंचं. चार वर्षांनी आल्या निवडून, तरी काय बिघडलं?"

वासंतीबाई उठल्या, फडताळातून ती रकाने आखलेली वही आणली, पंधराव्या ओळीवर बोट ठेवलं आणि पेन्सिल नवऱ्याच्या हातात दिली.

"घ्या, लिहा नाव. चौदा जणांत सापडत नव्हता ना!"

राजाभाऊंनी नाव लिहिलं. निळ्या बाजूनं आणि जरा बारीक अक्षरात.