मापाची फळी

गुलाबभाऊ माणसांचं ऐकत नसत, पेचकसाचं ऐकत. हातभर लांबीचा तो पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, कायम त्यांच्या खिशातून डोकावत असे. कुठं इंजिन सुरू दिसलं की टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला, डोळे मिटायचे आणि आजूबाजूच्यांना दम द्यायचा, "गप ऱ्हा बे! थे बोलून राह्यलं!" एकदा त्यांनी सरपंचाच्या पोटालाही पेचकस लावला. "गॅस हाय," म्हणाले. सरपंच महिनाभर बोलले नाहीत. गुलाबभाऊंना ते कळलंच नाही.

आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी मुलखाची बुजरी, परक्या पुरुषापुढं तोंड उघडत नाही. ते कोणाचं ऐकत नाहीत. त्यामुळं शेजार उत्तम चालला.

त्यांची बायको सुमन जाऊन सहा वर्षं झाली होती. पुढं जिनिंग बंद पडलं. कापसाची ती वर्षंच वाईट होती. जिनिंगमधले मिस्त्री गुलाबभाऊ घरी बसले आणि भंगारातून त्यांनी एक गाडी जोडली. सांगाडा जीपचा, चाकं ट्रॅक्टरची, इंजिन कुठल्याशा ट्रकचं, चार सिलिंडरचं. नाव ठेवलं रेडा. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत बैलांची बंडी आखापर्यंत रुतते, एस.टी. फाट्यावरूनच परत फिरते. रेडा मात्र गाऱ्याचिखलातून हंबरत बाहेर निघे. मागं आजारी माणसाला निजवायला एक फळी होती, पण आखूड. कुठल्याही गड्याचे पाय बाहेर लोंबत.

"गुलाब्या, लाकूड कमी पडलं का बे?" माझे मालक विचारत. दोघं लहानपणचे दोस्त.

"मापाची हाय," गुलाबभाऊ म्हणत, आणि विषय संपे.

त्या श्रावणात कपाशीच्या पऱ्हाटीवर औषधाचा फवारा मारता मारता मालक वावरातच पडले. वारा तोंडावर होता म्हणे. लोकांनी उचलून आणलं तेव्हा तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या. बायांनी साबण लावून अंग धुतलं, कपडे बदलले. दवाखाना दिग्रसला, आणि मधे नाला.

त्यांना फळीवर निजवलं. पाय बाहेर, ते मी धरले. रेडा सुरू झाला, खोकला, पांढरा धूर टाकत लंगडत पंधरा पावलं गेला आणि थबकला.

"अबे, चालव ना!" माझा दीर ओरडला.

"तीन पायावर नाला चढत नाई थो. मधात बंद पडला तं खेळ खतम."

मालकांचा श्वास घरघरत होता. गुलाबभाऊंनी पाना घेतला आणि चालू इंजिनावरच एकेका सिलिंडरची डिझेलची नळी ढिली करायला लागले. पहिली ढिली केली, रेड्याचा आवाज पडला. "हा कामाचा." नळी परत कसली. दुसरी, आवाज पडला. तिसरी ढिली केली, आवाज जसाच्या तसा. "हा झोपला हाय!" पेचकस लावून खात्री केली. मग नळीतून पाझरलेलं डिझेल बोटांवर चोळलं आणि चमकून म्हणाले, "पानी? पानी कुठून आलं यात?"

मला त्यांची निळी कॅन आठवली.

चार दिवसांपूर्वी फवारणीच्या पाण्यासाठी मी त्यांच्या ओसरीतली निळी कॅन नेली होती. आपल्यात कोणाचं भांडं तसंच परत देत नाहीत. मी ती राख लावून घासली, विसळली, पालथी घातली. पण अरुंद तोंडाच्या कॅनच्या कोपऱ्यात पाणी राहतंच. त्यांनी तिच्यात डिझेल भरलं, त्यातलंच रेड्यात ओतलं.

गुलाबभाऊंनी टाकीचं बूच काढून सगळं डिझेल खाली सोडलं, आणि नवीन भरायला हात घातला तो त्याच निळ्या कॅनला.

मी "नको" म्हटलं. माझा आवाज माझ्याच पदरात राहिला. चौघं ओरडत होते, आणि गुलाबभाऊ नेहमीप्रमाणे, "गप!"

त्यांच्या चेहऱ्याकडं बघायची हिंमत नव्हती. खिशातून डोकावणारं पेचकसाचं टोक मी मुठीत धरलं आणि त्यालाच सांगितलं, "ते डिझेल नका घालू. कॅन मी धुतली होती. राख लावून."

त्यांनी कॅन खाली ठेवली.

"राख लावून?" गुलाबभाऊ म्हणाले. "वयनी, डिझेलची कॅन हाय का देवाचा लोटा?"

पण हात तोवर चालू झाले होते. गावातल्या मोडून पडलेल्या ट्रॅक्टरच्या टाकीतलं डिझेल आलं. फिल्टरमधलं पाणी सोडलं. तिसऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर, म्हणजे डिझेल फवारणारी तोटी, काढून बाहेरच नळीला जोडला. "हात मांगं! चामडीत घुसते हे!" दिरानं चावी फिरवली. इंजेक्टरच्या तोंडातून धुकं निघायला हवं, तिथं नुसती पिचकारी. फवारणीच्या पंपाचं नोझल बिघडलं की असंच थुंकतं. त्यांनी डब्यातून चिंधीत गुंडाळलेला जुना इंजेक्टर काढून जोडला. त्यातून धुकं निघालं, पहाटे वावरावर असतं तसं.

तो बसवला, नळ्यांतली हवा काढली. पेचकस कानाला लावून त्यांनी डोळे मिटले. तेवढा वेळ मला वर्षासारखा गेला.

"चारही बोलून राह्यले. धरा पाय!"

नाल्यात पाणी चाकाच्या अर्ध्यावर आलं. रेडा चढला.

मालक दहाव्या दिवशी घरी आले. बोलता येऊ लागल्यावर पहिलं वाक्य, "गुलाब्या, थे फळी वाढव बे, माहे पाय चिखलानं भरले."

"मापाची हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गुलाबभाऊंच्या अंगणात ती फळी धुवायला गेले. घासून झाली. आसपास कोणी नव्हतं. कापड पसरून मी सहज आडवी झाले. डोकं एका काठाला, टाचा नेमक्या दुसऱ्या काठाला. सुमन आणि मी उंचीनं सारख्या होतो. एकमेकींचे परकर नेसायचो. तिला दवाखान्यात नेणारी बंडी याच नाल्यात रुतली होती, सकाळपासून दुपारपर्यंत.

दार वाजलं. मी धडपडत उतरले. गुलाबभाऊ उंबऱ्यात उभे होते.

"पुसली का, वयनी?"

"हो," मी म्हटलं. "बराबर मापाची हाय."

त्यांनी ऐकलं. पेचकस खिशातच होता.