तात्यांचा धूर ओढणारा डबा

सणसर गावात रंगनाथतात्या भरदुपारी पत्र्याच्या डब्यापुढं उदबत्ती धरून बसायचे. डोळे बारीक, मान तिरकी. बाजाराला निघालेल्या एका आजीनं तर चप्पल काढून हात जोडले. तात्या वैतागले, "आजी, देव न्हाय ह्यो! धूर वढतोय का ते बघतोय."

"वढू दे बाबा," आजी म्हणाली आणि आणखी एकदा नमस्कार करून गेली.

तात्यांचं दुरुस्तीचं दुकान आणि माझं शिलाईचं, मध्ये एकच भिंत. आता मी बारामतीला राहते, शेजारी कोण राहतं तेही धड ठाऊक नाही. पण त्या भिंतीपलीकडून येणारा राळेचा वास अजून आठवतो. मिक्सर, चार्जर, मोटारीचे स्टार्टर, सगळं गाव तिथं यायचं. तात्या सोल्डरिंगच्या गरम कांडीनं तारेला राळ लावून डाग द्यायचे, की राळेचा निळसर धूर सरळ त्यांच्या नाकात. "आपल्याला काय हुत न्हाय," म्हणायचे. सगळा जन्म असाच काढलेला.

आणि एके दिवशी अचानक त्यांनी धुराशी वैर धरलं. मोडक्या कंप्युटरचा पंखा, तुपाचा रिकामा डबा, पाण्याच्या फिल्टरमधला काळा कोळसा आणि वॉशिंग मशीनची जुनी नळी, एवढ्यावर यंत्र उभं राहिलं. विकत काही आणायचं नाही, हा हट्ट. "भंगारात समदं हाय. हुडकणारा पायजे."

पहिल्या दिवशी पंखा उलटा बसला. स्टार्टर घेऊन आलेल्या एका ऊसवाल्याच्या तोंडावर सगळा धूर. तो खोकत म्हणाला, "तात्या, मला डास समजला व्हय?"

मग तात्यांनी भावाच्या शेतातला उफणणीचा पंखा आणून जोडला. त्यानं धुरासकट गिऱ्हाइकांच्या नावांच्या चिठ्ठ्याही खिडकीबाहेर नेल्या. आठवडाभर कुणाचा मिक्सर कुणाच्या घरी वाटण वाटत होता, देव जाणे.

शेवटी परत छोटा पंखा, आता सुलटा. डब्याचं तोंड कामापासून वीतभर, नळी मागच्या खिडकीतून बाहेर. उदबत्तीचा धूर वळला आणि अलगद आत शिरला. तात्या जागचे हललेच नाहीत.

"जमलं की तात्या!" मी म्हणाले. "पण एवढा खटाटोप कशासाठी?"

ते डब्यावरून फडकं फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "तुझी काकी धा म्हयनं झालं दुकानात आली न्हाय."

शालनकाकी म्हणजे त्यांची बायको. रेझिस्टर म्हणजे तांदळाएवढे सुटे भाग, त्यांच्यावरचे ओळखीचे रंगीत पट्टे तात्यांना दिसेनासे झाले, तेव्हापासून काकी शेजारी बसून हवा तो निवडून त्यांच्या हातात द्यायची. पुढं तिला दम लागायला लागला. डॉक्टरांनी धुरापासून लांब राहायला सांगितलं आणि तिची खुर्ची कोपऱ्यात गेली.

"माझ्याच धुरानं तिची छाती गेली, सुनंदा," तात्या म्हणाले. "ती बोलत न्हाय. पर मला कळतंय की." फडकं खाली ठेवून म्हणाले, "तू जा, घिऊन ये तिला. मी बोलावलं तर नगं म्हणंल."

काकी आली, पण दारातच थांबली. पदर नाकाला. तात्यांनी कांडी तापवली आणि एक डाग दिला. धूर उठला, वाकला, डब्यात गेला. काकीनं पदर खाली घेतला. आम्ही दोघं तिच्या श्वासाकडं कान लावून उभे.

खोकला आला नाही.

"माझी खुर्ची हिकडं घ्या," काकी म्हणाली. "हितनं मला रंग दिसायचं न्हायत."

तात्यांनी खुर्ची आणली, दोनदा पुसली. काकी बसली, रेझिस्टरची डबी मांडीवर घेऊन बोटानं चाळू लागली. "तपकिरी, काळा, तांबडा," ती पुटपुटली. तात्यांनी वर न बघता हात पुढं केला. तिनं तो इवलासा तुकडा त्यांच्या तळव्यावर ठेवला. हात मात्र तात्यांना लगेच मागं घेववेना.