पोटभाडेकरू आणि चोपन्न सीटा

गुणाजी परबांनी एका रविवारी ठरवलं, की कॉम्प्युटरमधला पोटभाडेकरू बदलायचा. सगळं रामायण तिथून सुरू झालं.

करी रोडच्या चाळीतल्या त्यांच्या दहा बाय बाराच्या खोलीत हा कॉम्प्युटर आला माझगावच्या एका बंद पडलेल्या जाहिरात कंपनीतून. जात मॅकिंटॉश. पण पोटात एक कार्ड बसवलेलं, म्हणजे सबंध दुसरा पीसीच. पडदा एक, कीबोर्ड एक, कॉम्प्युटर दोन. दोन बटणं दाबली की हा जाई नि तो येई. संपात गिरणी गेल्यावर दादरच्या क्लासात सर्टिफिकेट मिळवलेले गुणाजी यावर फिदा होते. (एका खोलीत दोन बिऱ्हाडं, यात चाळकऱ्याला नवल कसलं? नवल एवढंच, की दोघं भांडत नव्हती.)

मालक मॅक, पोटभाडेकरू विंडोज. आणि या विंडोजकडे होती गणपतीला गावी जाणाऱ्या गावमंडळाच्या एसटीची यादी, चोपन्न सीटांची. गुणाजी मंडळाचे सेक्रेटरी. पहिल्या सीटवर त्यांनी स्वतःचं नाव ठळक अक्षरांत घातलं होतं. "कागद आता विसरा," असं भर सभेत बजावलंही होतं.

पण एका मासिकाबरोबर लिनक्स नावाच्या नव्या सिस्टिमची सीडी फुकट आली नि त्यांचे हात शिवशिवले. सीडी घातली. पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला: या जागेतलं सगळं जाईल, चालेल?

गुणाजी हसले. गावाहून नवा माणूस आला, की जुना जरा सरकून घेतो, फार तर पोटमाळ्यावर वळकटी टाकतो. कुणी कुणाला बाहेर काढत नाही. त्यांनी 'हो' दाबलं.

विंडोज सरकला नाही. गेला. जाताना यादी घेऊन गेला.

गुणाजींनी कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला. (त्यांचं हे एकमेव औषध. मिक्सर, टीव्ही, मेव्हणा, सगळ्यांवर तेच.) सात वेळा केला. गाडी परवा, आणि यादी न्यायला मंडळाचे अध्यक्ष तात्या दारात उभे.

"गुणाजी, यादी खंय रे?"

"नवीन सिस्टिममध्ये ट्रान्सफर होत आहे, तात्या." (खोटं बोलताना गुणाजी शुद्ध बोलत.)

"मगे कधी होतली? गणपती पोचवल्यार?"

गुणाजींनी आठव्यांदा बटण दाबलं. तेवढ्यात त्यांची बायको दुर्गा हात पुसत आली. तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, उलटं केलं. मागे पेन्सिलीने ओळीने नावं.

"ही घेवा यादी. ह्यांचो डबो चालू होवक धा मिनटां. तवसर लोक कित्याक थांबतले? माकाच नावां सांगून जायत, मगे मी ह्यांका सांगी."

गुणाजींचा जीव भांड्यात पडला. त्या क्षणी बायकोच्या पाया पडायचंच काय ते बाकी होतं. त्यांनी यादी वाचली. परत वाचली.

"अगो, ह्यात माझा नाव खंय?"

"तुमी सांगूक इलात कधी? एक सीट मोकळी दिसली, ती सकाळीच शांतामावशीक दिलंय."

तिसऱ्या दिवशी गाडीत तात्यांनी हाक दिली, "जरा सरकान घेवा रे, सेक्रेटरी आसत!" चोपन्नांपैकी कुणीही तसूभर हललं नाही. शेवटी मखराला पुठ्ठा म्हणून घेतलेल्या मॉनिटरच्या रिकाम्या खोक्यावर, मधल्या वाटेत, गुणाजींची स्थापना झाली. पेणपर्यंत खोकं टिकलं. मग चपटं झालं नि सेक्रेटरी खाली.

खिडकीजवळच्या सीटवरून दुर्गाने मानसुद्धा वळवली नाही.

"उठा," ती म्हणाली, "आणि परत बसान बघा."