फारच विवाहित पाहुणा

यंदा एक जानेवारीला मी घरात जाहीर केलं, "या वर्षात मी चार परदेशी भाषा शिकणार! स्पॅनिश, जर्मन, जपानी आणि रशियन. चारही एकदम!"

राजश्री, म्हणजे माझी बायको, तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "एकेक करून का नाही?"

"एकेक करून काय, सगळेच शिकतात!"

"सगळे म्हणजे कोण?"

हिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. माझं रत्नागिरीत माळनाक्याला चष्म्याचं दुकान आहे. आयुष्यभर मी लोकांना "वाचा, खालची ओळ वाचा" असं सांगत आलो, आता म्हटलं आपणही काहीतरी वाचून दाखवू! सकाळी दात घासताना स्पॅनिश, दुकानात जर्मन, जेवताना जपानी आणि अंथरुणावर पडल्यावर रशियन, असा बेत ठरला. मार्चअखेर साधं संभाषण आणि दिवाळीपर्यंत चारही अस्खलित! यात अशक्य काय आहे? मोबाइल शिकवायला तयार, मी शिकायला तयार!

सुरुवात दणक्यात झाली. जर्मनमध्ये 'मी' म्हणजे 'इश्'. दुकानात आरशांना तोटा नाही. त्यामुळे गिऱ्हाईक नसलं की मी आरशात बघून उच्चार घोटायचो. "इश्! इश्! इश्!" एकदा वळून बघतो तर मागे दोन बायका फ्रेमा हातात घेऊन उभ्या! एक दुसरीला हळूच म्हणाली, "ह्यांना लाज वाटतेय गो. आपण नंतर येऊ." त्या अजून यायच्या आहेत.

जपानी लोक जेवायला बसताना 'इतादाकिमास' म्हणतात. मी पहिल्याच दिवशी पानावर बसलो, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "इतादाकिमास!"

"मास?" राजश्री आतून ओरडली. "आज सोमवार! सोमवारी मासे कुठले मागता?"

रशियन अक्षरं डोळ्यांखालून जावीत म्हणून दुकानातला डोळे तपासायचा तक्ता काढून मी तिथे रशियन मुळाक्षरांचा तक्ता लावला. दुसऱ्याच दिवशी एक आजोबा आले आणि पहिल्याच ओळीला रडकुंडीला आले. "गुरुप्रसाद, दिसतंय सगळं, पण वाचता येत नाय रे! हा डोळ्यांचा आजार हाय का डोक्याचा?" तक्ता काढावा लागला. तरी भाषा थांबली नाही!

एप्रिल उजाडेपर्यंत चारही भाषा माझ्या डोक्यात शिरल्या होत्या. अडचण एवढीच की त्या वेगवेगळ्या खोल्यांत राहत नव्हत्या. लग्नघरातल्या पाहुण्यांसारख्या एकाच सतरंजीवर आडव्यातिडव्या पडल्या होत्या! स्पॅनिश शब्दाला हाक मारली की जपानी उठून बसायचा. पण समोर बोलणारा कुणी नव्हता, म्हणून चुका सांगणाराही कुणी नव्हता. माझा आत्मविश्वास पोफळीसारखा सरळ वर चालला होता.

आणि मे महिन्यात संधी आली! माझ्या पुतणीचं, ऋतिकाचं लग्न.

ऋतिका माझ्या थोरल्या भावाची, महिपतदादाची मुलगी. दादाची राजापूरच्या बाजूला आंब्याची बाग. माणूस सोन्यासारखा, पण संशयी. पोस्टमनने पत्र दिलं तरी 'हे मलाच का?' म्हणून विचारील! नवरा मुलगा अजिंक्य जयगडचा, मालवाहू जहाजावर इंजिनिअर. दोघांनी आपलं आपण जमवलेलं. "जहाजावरचा माणूस जगभर फिरणार, त्याची संगत कशी असेल कुणाला ठाऊक!" असं म्हणत दादा कित्येक दिवस अडून बसला होता. नाकदुऱ्या काढून त्याला तयार केला होता. कार्यालय रत्नागिरीत, म्हणून नवरीकडचं सगळं बिऱ्हाड माझ्या घरी येऊन उतरलं. दादा, वहिनी, ऋतिका आणि आमची गोदूआत्या. आत्याचं वय झालंय, पण आवाज अजून अंगणातून थेट रस्त्यापर्यंत जातो.

हळदीच्या दिवशी सकाळी अजिंक्यचा फोन आला. "काका, एक विनंती आहे. जहाजावरचा माझा जिवलग मित्र आत्ताच रत्नागिरी स्टेशनवर उतरलाय. रामोन, चिली देशातला. आमच्याकडे पाय ठेवायला जागा नाही. तुमच्याकडे पाठवू? तो स्पॅनिश बोलतो, आणि—"

"स्पॅनिश!" मी जवळजवळ किंचाळलोच. "पाठव! पुढचं काही सांगू नकोस! मी आहे ना!"

आणि मी फोन ठेवला. तो 'आणि' मी ऐकून घ्यायला हवा होता.

थोड्या वेळाने दारात रिक्षा थांबली. उंच, दाढीवाला, हसऱ्या चेहऱ्याचा, पाठीवर भलीमोठी पिशवी घेतलेला रामोन उतरला. सगळं घर पडवीत जमलं. मी पुढे झालो आणि चार महिन्यांची तपश्चर्या पणाला लावली.

"ओला! विलकोमेन! इश् काका! हराशो, हराशो!" स्पॅनिश नमस्कार, जर्मन स्वागत आणि रशियन 'छान, छान', सगळं एका दमात बाहेर पडलं!

रामोनचा चेहरा असा फुलला, की विचारू नका! तो भराभरा स्पॅनिशमध्ये बोलू लागला. मी प्रत्येक वाक्याला 'सी, सी', म्हणजे 'हो, हो' म्हणत होतो. दादा माझ्याकडे कौतुकाने बघत होता. ऋतिका पुढे होऊन काही विचारणार, तेवढ्यात मी तिला अडवलं.

"त्यांना इंग्रजी येत नाही. बघितलंस ना, स्पॅनिशमध्ये बोलतायत? जे काही असेल ते माझ्यामार्फत!"

ती पार्लरवालीकडे पळाली. मी पाहुण्याची विचारपूस सुरू केली. लांबून आला होता, दमलाय का विचारावं! दमलेला म्हणजे... शब्द जिभेवर होता... हां!

"कासादो?" मी विचारलं.

"नो, नो!" रामोन हसून म्हणाला.

"अजिबात दमलेला नाही!" मी जाहीर केलं. "जहाजावरची माणसं ती, काटक!"

मग काय! आंब्याच्या पेट्या माडीवर न्यायच्या होत्या, त्या त्याने नेल्या. मांडवाचा एक खांब कलला होता, तो त्याने धरून ठेवला. ते झाल्यावर मी त्याला भर उन्हात भाट्याचा किनारा दाखवला आणि मग किल्ल्यावर चढवलं. वाटेत तो दोनदा दगडावर बसला. मला वाटलं, समुद्र बघतोय. जहाजावरच्या माणसाला समुद्राची ओढ असणारच!

दुपारी परत आलो तर गोदूआत्या पान वाढून वाट बघत होती.

"चिली म्हणजे मिरचीच ना रे गुरू?" तिने विचारलं.

"देशाचं नाव आहे आत्या."

"तेच ते! देशाचं नावच मिरची, मग मेल्याला आपलं जेवण आळणी लागत असणार!" आणि तिने काजूच्या उसळीवर ठेच्याचा गोळा ठेवला. साधासुधा गोळा नव्हे, क्रिकेटचा चेंडू!

रामोन जेवू लागला आणि आत्याने जगातल्या प्रत्येक आत्याला पडणारा प्रश्न विचारला. "ह्याचं लग्न झालंय का, विचार रे."

विवाहित... विवाहित... मी डोक्यातल्या सतरंजीवरून एक शब्द ओढून काढला.

"कान्सादो?"

रामोनने घास थांबवला, माझ्याकडे कृतज्ञतेने बघितलं आणि छातीवर हात ठेवला. "सी! मुय कान्सादो! दोस नोचेस सिन दोर्मीर!"

"काय म्हणाला?" आत्याने विचारलं.

"हो म्हणाला. मुय म्हणजे फार. फार विवाहित आहे."

"फार विवाहित?" आता दादाने पानावरून मान वर केली. "लग्न एकतर झालेलं असतं, नाहीतर नसतं. फार म्हणजे काय?"

मी विचारात पडलो. 'दोस' म्हणजे दोन, याबद्दल शंकाच नव्हती. आणि नोचेस? 'नोव्हिया' म्हणजे नवरी, हे मी दात घासताना शंभरदा म्हटलं होतं. नोचेस हे तिचंच अनेकवचन असणार!

"दोन नवऱ्या," मी हळूच म्हणालो. "त्याला दोन बायका आहेत."

आत्याच्या हातातला डाव खणकन ताटात पडला! इकडे ठेचा रामोनच्या घशाखाली उतरला होता. त्याचा चेहरा कोकमासारखा लाल झाला आणि दोन्ही डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"रडतोय बिचारा!" आत्याला गहिवरून आलं. "पस्तावलाय रे तो! दोघी मिळून छळत असतील!"

पण दादा विरघळला नाही. हात धुऊन तो मला कोपऱ्यात घेऊन गेला. "गुरू, अजिंक्यचा हा जिवलग मित्र. जिवलग! मी म्हणत नव्हतो, संगत बघा म्हणून?"

"दादा, मित्राला दोन म्हणून अजिंक्यला—"

"थांब. मी व्याह्यांनाच विचारतो."

अजिंक्यचे वडील भिवाशेट जयगडला मासेमारी करतात. दादाने फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि शरमेने अर्धा शब्द गिळत म्हणाला, "व्याहीबुवा, रागावू नका. पण तुमच्याकडे... म्हणजे घरात... दोन-दोन असतात का?"

"असतात म्हणजे?" भिवाशेट खुशीत आले. "माझ्याच दोन हायत की!"

दादाने भिंतीचा आधार घेतला. "आणि... दोन्ही... नांदतात?"

"जुनी आता कुरकुरते जरा. वय झालं तिचं! पण नवी म्हणाल तर झकास! आत्ताच रंगवून घेतली. लग्नानंतर आमच्याकडे आलात की दाखवतो, बसवून फिरवून पण आणतो!"

"आणि अजिंक्य?" दादाचा आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा आला.

"तो तर म्हणतो, बाबा, लग्न उरकलं की माझीपण वेगळी घेऊ या एक! मी म्हटलं, घे बाबा, तरुणपणीच घ्यावी!"

दादाने फोन बंद केला. तो पडवीत आला, पाटावर बसला आणि म्हणाला, "हळद थांबवा. हे लग्न होणार नाय."

तोवर आत बायका ऋतिकाला हळद लावायला लागल्या होत्या. गाणं मध्येच तुटलं. वहिनी रडू लागल्या, आत्या "शांत व्हा रे!" म्हणून सगळ्यांत मोठ्याने ओरडू लागली, वाजंत्रीवाला हळूच आपली पिशवी भरू लागला. आणि मी? मला तोंडात एकही शब्द सापडेना, मराठीसुद्धा! एवढ्या मिनतवारीने ठरलेलं लग्न, आणि ते माझ्या भाषांतराने मोडत होतं!

अर्धी पिवळी झालेली ऋतिका बाहेर आली. "काय झालं?"

दादाने मान खाली घालून सगळं सांगितलं. मित्राच्या दोन, सासऱ्याच्या दोन, नवऱ्याचा दुसरीचा बेत. ऐकता ऐकता तिचे डोळे मोठे होत गेले.

"बाबा! होड्या! त्यांच्या दोन होड्या आहेत! जुनी आणि नवी! रंगवतात ती होडी असते, बायको नव्हे!"

दादाचं तोंड उघडं राहिलं. "आणि फिरवून आणतो म्हणाले ते..."

"समुद्रात! आणि अजिंक्यला लहान बोट घ्यायचीय, मला ठाऊक आहे. रंगपण मीच निवडलाय!"

"पण मग ह्या मित्राचं काय?" दादा अजून हार मानायला तयार नव्हता. "ह्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय, दोन म्हणून."

ऋतिकाने माझ्याकडे एकदाच बघितलं. मग ती तडक रामोनसमोर जाऊन उभी राहिली आणि साध्या इंग्रजीत विचारलं, तुमचं लग्न झालंय का?

आणि रामोनने फाडफाड इंग्रजीत उत्तर दिलं! आमच्या कॉलेजच्या प्रोफेसरांना लाजवील अशा इंग्रजीत! लग्न? छे छे, वर्षातले निम्मे महिने समुद्रावर असतो, मला कोण मुलगी देणार? मी फक्त दमलोय. प्रवासात दोन रात्री झोप नाही, तेच मी काकांना सांगितलं. स्पॅनिशमध्ये कासादो म्हणजे विवाहित आणि कान्सादो म्हणजे दमलेला, मध्ये एका 'न'चा फरक!

ऋतिकाने मराठीत सांगितलं तसं सगळं घर माझ्याकडे वळलं. सकाळपासून पेट्या वाहणारा, खांब धरणारा, किल्ला चढणारा, दोन रात्री न झोपलेला पाहुणा! राजश्रीने कपाळाला हात लावला. पण दादा? दादा हसायला लागला! आधी बारीक, मग गदागदा. "रंगवून घेतली! बसवून फिरवून आणतो!" म्हणत त्याने पाटावर थापा मारल्या. आपल्या हातांनी हळदीची वाटी उचलून त्याने लेकीच्या गालाला लावली. वाजंत्रीवाल्याने पिशवीतून सनई परत काढली. आत्याने तर रामोनलाच हळद फासली. "बिनलग्नाचा हाय ना, लागू दे! लवकर जमेल मेल्याचं!"

त्याच्यासाठी आतल्या खोलीत अंथरूण घातलं, थंडगार सोलकढी आणली. ती पिऊन तो उठता उठता थबकला आणि माझ्याकडे बघत, संकोचून, ऋतिकाला काहीतरी विचारू लागला. ऋतिकाने ऐकलं आणि ती हसत हसत खालीच बसली.

"काय म्हणतो गो?" आत्याने विचारलं.

"आत्याआजी, अजिंक्यने ह्याला सांगितलं होतं की मराठीत पोर्तुगीज शब्द खूप आहेत, आणि पोर्तुगीज म्हणजे स्पॅनिशची सख्खी बहीण. त्यामुळे सकाळपासून काका जे बोलतायत ती मराठीच, असं समजून हा ऐकतोय. म्हणतो, काकांची मराठी मला थोडी थोडी कळते, स्पॅनिशच्या जवळची वाटते. पण तुम्हा बाकीच्यांची अजिबात कळत नाही. मला मराठी शिकायचीय. तर नक्की कुठली शिकू?"

"त्याला सांग, आमची शीक!" आत्या रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "गुरूची भाषा इकडे कोण बोलत नाय!"