आमेन म्हणेपर्यंत

अर्ज भरायची मुदत संध्याकाळी सहाला संपत होती आणि पाच वाजून दहा मिनिटांनी आत्याने प्रार्थनेला सुरुवात केली. तिचे भाऊ लिफ्टा दुरुस्त करायचे, म्हणून सगळे त्यांना लिफ्टवाले म्हणत; त्यांनी डोळे मिटण्याआधी घड्याळ पाहून घेतलं. पण करतात काय? नियम त्यांचाच! या घरात कुठलंही मोठं काम प्रार्थनेशिवाय सुरू व्हायचं नाही. थोरल्यापासून धाकट्यापर्यंत प्रत्येकाने पाळीपाळीने प्रार्थना करायची, डोळे मिटून ठेवायचे आणि दुसऱ्याची प्रार्थना चालू असताना चकार शब्द काढायचा नाही. एकदा गॅसवरचं दूध उतू जाऊन करपल्याचा वास घरभर झाला, तरी कुणी जागचं हललं नव्हतं. लिफ्टवाले ही गोष्ट चर्चमध्ये छाती फुगवून सांगत.

आज उतू जायला त्यांच्या धाकट्या पोरीचं अख्खं वर्ष होतं. बारावी झाली, निकाल आला, आणि गेले पंधरा दिवस घरात कॉलेजवरून नुसता गोंधळ चालला होता. अर्जात एकच कॉलेज आणि एकच विषय निवडायचा होता, तोही एकदाच. जेवणाच्या टेबलावर संगणक उघडा होता. पानावर दोन रकाने होते, खाली 'सादर करा' असं हिरवं बटण होतं, आणि भोवती पाच माणसं हात जोडून बसली होती.

"हे स्वर्गीय पित्या," आत्या म्हणत होती, "या लेकराला तू इतके मऊ हात दिलेस, ते काय विटा मोजायला दिलेस? नर्सिंगचं कॉलेज आपल्या चर्चच्या मागेच आहे, हे तुला ठाऊकच आहे. तिथल्या प्राचार्या माझ्याच वॉर्डात शिकल्या, हेही तू जाणतोस. सकाळी साडेसातला हजेरी असते, प्रभू, पण शनिवारी अर्धा दिवस."

आत्या तीस वर्षं मेट्रन होती. वॉर्डातल्या पेशंटला बजावावं तसं ती देवालाही बजावत असे. ती आमेनला पोचली तेव्हा पाच अठ्ठावीस झाले होते.

मग लिफ्टवाल्यांची पाळी. थोडक्यात आटपायचं असं त्यांनी मनाशी घोकलं होतं, पण बहिणीचं बोलणं जिव्हारी लागलं होतं. "हे प्रभू, रात्रपाळ्या करून ज्यांच्या गुडघ्यांची वाट लागली, त्यांना तू आराम दे, आणि तीच वाट पुढच्या पिढीला दाखवू नकोस. इमारती वाढतायत, पित्या. मी सव्वीस वर्षं त्यांच्या लिफ्टा दुरुस्त करतोय, मला दिसतंय. स्थापत्य शिकलेल्या माणसाला कधी रिकामं बसावं लागत नाही."

ते थांबले आणि लगेच मम्मी सुरू झाली. ती शाळेत शिक्षिका होती आणि तिचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचणारा होता. "हे दयाळू पित्या, तरण्या पोरीला उन्हातान्हात सळ्यांवर चढवायला निघालेल्यांना तू सुबुद्धी दे. मुलीची जात शिक्षिका होऊन आईच्या डोळ्यांसमोर राहिली, तर कुणाचं काय बिघडतं?"

लिफ्टवाल्यांनी घड्याळ पाहण्यापुरता डावा डोळा किलकिला केला आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. आत्याचा हात माउसवर होता! डोळे मिटल्यासारखे, ओठ पुटपुटत असलेले, आणि हात मात्र सराईतपणे सरकत होता. पडद्यावर आता 'नर्सिंग' दिसत होतं.

आता ओरडायचं कसं? ओरडलं की आपलेही डोळे उघडे होते हे जगजाहीर. त्यांनी वाट पाहिली. आत्याचा हात मागे गेला तसा स्वतःचा पुढे केला आणि 'स्थापत्य' निवडलं. हात पुरता मागे घेतात न घेतात, तोच मम्मीचा हात आला. तिच्या प्रार्थनेत एक स्वल्पविरामही पडला नाही, पण 'स्थापत्य' गेलं आणि 'शिक्षणशास्त्र' आलं. सव्वीस वर्षं संसार केला, पण या बाईच्या अंगात ही कला आहे याचा लिफ्टवाल्यांना पत्ता नव्हता.

पोरगी तेवढी मान खाली घालून, दोन्ही हात टेबलाखाली धरून बसली होती. केवढी श्रद्धा! त्यांना भरून आलं. हिच्यासाठी तरी आपण चांगलं काहीतरी ठरवू, असं वाटलं आणि त्यांनी परत 'स्थापत्य' केलं.

पाच अठ्ठेचाळीसला मम्मी आमेन म्हणाली. पाळी थोरल्या मुलाची आली. तीन वर्षांपूर्वी याच टेबलावर त्याच्यासाठी प्रार्थना झाली होती. तेव्हा लिफ्टवाल्यांच्या मनाला मोठी शांती मिळाली होती आणि मुलाला इलेक्ट्रॉनिक्स. मुलगा हल्ली घरात फारसा बोलत नसे.

"हे प्रभू," तो म्हणाला, "माझ्यासाठी जे केलंस ते हिच्यासाठी करू नकोस. आमेन."

लिफ्टवाल्यांच्या काळजात काहीतरी तुटलं, पण त्याचा विचार करायला वेळ कुठे होता? उरली धाकटी. तिचं दोन मिनिटांत होईल, मग बटण दाबायचं, बास!

"आणि हे पित्या, एक राहिलंच," आत्या पुन्हा सुरू झाली.

लिफ्टवाल्यांनी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला. आत्या आता आजारी मंडळींवर आली होती. पाच त्रेपन्नला त्यांनी डोळा उघडला तर पडद्यावरचे रकानेच नाहीसे झालेले. तिथे लिहिलं होतं, 'आपण बाहेर पडला आहात. कृपया पुन्हा प्रवेश करा.' दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्यांना बाहेरून धीर देणारा हा माणूस, पण आज त्यालाच कुणी धीर द्यायला नव्हतं. ते खोकले. आत्याने त्यांच्या खोकल्यासाठी प्रार्थना केली. शेवटी जिवाच्या आकांताने ते ओरडले, "आमेन! आमेन!"

हीच चूक झाली. भावाच्या हृदयाला स्पर्श झालाय, असं वाटून आत्याला नवा जोर चढला. तिचा आवाज दुप्पट झाला. "होय प्रभू! आणि परदेशातल्या आमच्या सर्व बंधुभगिनींनाही..."

आत्या थांबली तेव्हा सहा वाजून चार मिनिटं झाली होती. सगळ्यांनी डोळे उघडले. मम्मीने पुन्हा प्रवेश करून पाहिला. मुदत संपली होती.

"पान बंद कसं झालं?" आत्या म्हणाली. "कुणी हात लावला का?"

यावर कोण बोलणार? बोट दाखवायचं तर पाहिलं कसं ते सांगावं लागणार. मम्मीने पदर डोळ्यांना लावला. लिफ्टवाले खुर्चीत कोसळले. पोरीचं वर्ष गेलं, आणि देवाशी बोलता बोलता आपणच ते घालवलं! दूध करपलं तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं. आता चर्चच्या मंडळीत काय सांगायचं? पोरीला काय सांगायचं?

"पप्पा," धाकटी म्हणाली, "माझी पाळी राहिली."

"आता कशाला गं?"

"प्रार्थना अर्धवट सोडायची नसते," आत्या म्हणाली. सगळ्यांनी मुकाट्याने डोळे मिटले.

"हे स्वर्गीय पित्या," धाकटीने सुरुवात केली, "आत्या आजाऱ्यांपाशी पोचली तेव्हा मी टेबलाखालून मोबाइलवर अर्ज भरला. मी आत गेल्यावर टेबलावरचं पान आपोआप बाहेर गेलं, त्याबद्दल मला क्षमा कर. मी भूगर्भशास्त्र घेतलंय. पोचपावती आली आहे."

लिफ्टवाल्यांचे दोन्ही डोळे टक्क उघडले. मम्मीचे उघडेच होते. आत्याने तोंड उघडलं, पण प्रार्थना चालू होती.

"कॉलेज आगगाडीने नऊ तास लांब आहे, पित्या. होस्टेलवर राहावं लागेल. मम्मी रडेल, तिला सांभाळ. पप्पा विचारतील, दगड बघून कुणाचं पोट भरतं? मला उत्तर येतं, पण ते पुरतं ऐकून घेत नाहीत. पंधरा दिवसांत मला कुणी काहीच विचारलं नाही. मी पाच वेळा सांगायला गेले. प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणालं, आपण प्रार्थना करू. आणि मला दगडांची भीती नाही वाटत. घरी बोलायची वाटते."

ती कितीतरी वेळ बोलत राहिली. नदीकाठच्या दरडीतले थर, तिथे तिला काय दिसलं, शाळेच्या बाईंनी तिला कोणतं पुस्तक दिलं. लिफ्टवाल्यांच्या जिभेवर दहा प्रश्न आणि एक मोठी फटकार तयार होती. सगळं गिळून ते ऐकत बसले, कारण दुसरा इलाजच नव्हता. अठरा वर्षांची ही मुलगी एवढं बोलते, हे त्यांना आज कळत होतं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"येशूच्या नावाने मागते. आमेन."

फटकार कुठून सुरू करायची ते लिफ्टवाल्यांना आठवेना. त्यांनी उसासा टाकला आणि संगणक मिटायला हात पुढे केला.

"पप्पा, थांबा," थोरला म्हणाला. "डोळे मिटा परत. मघाची माझी प्रार्थना फारच छोटी झाली. कॉलेजचं... गेल्या वर्षापासूनचं थोडं सांगायचंय."

मम्मीने लिफ्टवाल्यांकडे पाहिलं. लिफ्टवाल्यांनी खुर्ची पुढे ओढली, टेबलाचा काठ दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि डोळे मिटले.